हरकत घ्यायला माणूस गावात असावा लागतो

परवा सकाळी आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सहा फोटो येऊन पडले. पाचांत ट्रक आणि सहाव्यात ट्रकच्या मागच्या चाकाच्या आडोशाला पेटवलेला स्टो, वर पातेलं. खाली मजकूर: 'सर्व्हिस रोडवर हे काय चाललंय? नगरपालिका झोपली आहे का?' त्याखाली अंगठ्यांची रांग. मग कुणीतरी आदल्या रात्री वरात कशी अडकली, नवरदेवाचा घोडा कसा बिथरला त्याची हकिकत सांगितली. शेवटी एकाने निकाल दिला, 'या लोकांना शिस्त म्हणून नाहीच.'

मी लिहायला घेतलं आणि पुसलं. त्या फोटोंच्या मागं जे लॉन दिसतंय ना, दगडी कमान आणि दिव्यांच्या माळावालं, ती जागा गावाच्या विकास आराखड्यात मी स्वतःच्या हातानं रंगवली होती. राखाडी रंगात. आरक्षण क्रमांक ४१, ट्रक टर्मिनस. नवरदेवाचा घोडा जिथं बिथरला तिथं, कागदावर का होईना, या ट्रकांचीच जागा होती.

पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागून असलेल्या एका गावाच्या नगररचना विभागात मी नोकरी केली. ट्रेसर म्हणून लागलो, आरेखक म्हणून निवृत्त झालो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ओळखणारे ओळखतीलच, आणि ही गोष्ट एकाच गावाची आहे असंही नाही.

दुसरं एक सांगायला हवं. माझे वडील ट्रक चालवायचे. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून गूळ भरायचा आणि गुजरातेत नेऊन टाकायचा. येताना जे भाडं मिळेल ते. चौथीच्या उन्हाळी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर अहमदाबादला गेलो होतो. त्या प्रवासातलं अहमदाबाद मला आठवत नाही, पण थांबे सगळे आठवतात. संध्याकाळ झाली की आबा बोलायचे बंद व्हायचे आणि रस्त्याच्या कडेकडेनं बघत गाडी चालवायचे. ते जागा शोधत असायचे. सगळ्यात आधी उतार बघायचे, कारण सकाळी सेल्फ लागला नाही तर गाडी ढकलायला माणसं कुठून आणणार? उताराला तोंड करून लावलेली गाडी गिअरात टाकून सोडली की सुरू होते. मग पाणी. हापसा असो, विहीर असो. मग उजेड, म्हणजे एखादा तरी बल्ब, कारण गुळाचे रवे काढून नेणारे लोक ताडपत्रीचा रस्सा अंधारातच कापायचे. आणि चौथं म्हणजे आणखी दोन-चार गाड्या उभ्या असल्या पाहिजेत. एकट्या गाडीजवळ आबा कधी झोपले नाहीत. मनोरच्या पुढं एका ठिकाणी या चारही गोष्टी जुळल्या तेव्हा त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली होती. चाकाखाली दगड लावला, व्हील-पाना उशाला घेतला आणि मला म्हणाले, 'नीज आता.' ते स्वतः किती झोपले कुणास ठाऊक. रात्री जाग आली तेव्हा ते टपावरून ताडपत्री चाचपत होते.

पुढं मी नगररचनेत लागलो. आमच्या आराखड्याचं काम निघालं तेव्हा पहिली पायरी होती विद्यमान भू-वापर नकाशाची. गावात आज कुठं काय आहे ते रस्तोरस्ती फिरून नकाशावर टिपायचं. घर पिवळं, दुकान निळं, कारखाना जांभळा, शाळा-दवाखाना लाल. आम्ही चौघंजण सकाळी दहाला निघायचो आणि सहाच्या आत परत यायचो. महामार्गालगतची पट्टी टिपली तेव्हा तिथं एक गॅरेज, दोन ढाबे, एक पंप आणि बाकी मोकळं रान, असं निघालं. नकाशावर तसंच चढलं.

मी साहेबांना म्हटलं, 'साहेब, रात्री तिथं गाड्या असतात.' साहेब वाईट माणूस नव्हता. म्हणाला, 'अरे, त्या उभ्या असतात. तो काही भू-वापर नव्हे.'

एका शनिवारी रात्री साडेअकराला मी सायकल घेऊन गेलो. ढाब्यापासून ओढ्याच्या पुलापर्यंत पाऊण किलोमीटरच्या आत ५८ ट्रक मोजले. ज्या पट्टीला आम्ही मोकळं रान म्हटलं होतं, तिथं रात्री वस्ती असायची. माणसं जेवत होती, एक जण टायरच्या आडोशाला केस कापून घेत होता, कुणी कपडे वाळत टाकले होते. आमच्या कित्येक वाड्यांना नकाशात नाव आहे, आणि त्यांत एवढी माणसं नाहीत. पण हे वस्तीचं ठिकाण सकाळी सहाला उठून निघून जायचं आणि आम्ही दहाला यायचो.

याहूनही खोल एक गोम आहे. आराखड्यातल्या सगळ्या सोयी लोकसंख्येवर बेततात. हजार माणसांमागं मैदान इतकं, शाळा इतकी, बाग इतकी. लोकसंख्या येते जनगणनेतून. ड्रायव्हर मोजला जातो त्याच्या गावी, आष्टीला नाहीतर अलवरला. तिथं तो महिन्यातून चार दिवस असतो. जिथं उरलेले दिवस झोपतो तिथं तो शून्य. म्हणजे कुणी मुद्दाम त्याला वगळलं असं नाही. गणितात त्याला बसवायला खणच नाही.

तरी त्या वेळी टर्मिनस आराखड्यात आलं. व्यापारी असोसिएशनचा रेटा होता, त्यांना गावातल्या पेठेतून ट्रक बाहेर हवे होते. 'बाहेर' एवढंच त्यांचं म्हणणं. कुठं, ते आम्ही ठरवायचं. मला जागा सुचवायला सांगितली तेव्हा मी आबांचे चार निकष डोक्यात ठेवून पंपाच्या मागची चढाची मुरमाड जमीन दाखवली. तिचा मालक माजी नगराध्यक्षांचा व्याही निघाला. मग ओढ्याकडची काळी जमीन आली. पावसाळ्यात बैलगाडी रुतते तिथं दहा चाकी काय उभी राहणार? पण कागदावर जमीन ही जमीनच असते. मी राखाडी रंग भरला. अहवालाच्या तक्त्यात लिहिलं: आरक्षण क्रमांक ४१, प्रयोजन ट्रक टर्मिनस, समुचित प्राधिकरण (म्हणजे जमीन घेऊन काम करायची जबाबदारी) नगर परिषद.

मग हरकती-सूचना. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. त्यातलं कलम २६ म्हणजे लोकशाहीचा भाग. प्रारूप आराखडा प्रसिद्ध करायचा, लोकांनी मुदतीत हरकती द्यायच्या (हल्ली ३० दिवस), मग समितीपुढं सुनावणी. पिशव्या भरभरून हरकती आल्या. बागेवर आल्या, रस्तारुंदीवर आल्या, स्मशानभूमीवर तर बावीस. टर्मिनसवर तीन. तिन्ही जमीनमालकाच्या घरातल्या, तिन्ही 'आरक्षण वगळावे' अशा. 'ठेवावे' म्हणणारी एकही नाही. कशी असेल? ज्याच्यासाठी ते आरक्षण होतं तो सुनावणीच्या दिवशी हुबळीत होता. त्याचं नाव आमच्या मतदारयादीत नाही, त्याचा सात-बारा आमच्या तलाठ्याकडं नाही, आणि सूचना छापलेलं स्थानिक वर्तमानपत्र त्याच्या केबिनमध्ये पोचलंच तर भाकरीखाली अंथरायला. बागेसाठी आजोबा येतात, मैदानासाठी पोरं येतात. हरकत घ्यायला माणूस गावात असावा लागतो.

समितीनं आरक्षण कायम ठेवलं हे मात्र कबूल करतो. १९९७ साली आराखडा मंजूर झाला.

पुढची वीस वर्षं त्या जागेवर काही झालं नाही. भूसंपादनाला पैसा लागतो, आणि दर वर्षी अंदाजपत्रकाच्या सभेत टर्मिनसचा विषय निघायच्या आधीच चहा यायचा. याच कायद्यात कलम १२७ आहे. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द. ही मुदत पूर्वी आणखी कमी होती, २०१५ मध्ये ती २४ महिने झाली. आमच्या मालकानं २०१६ साली नोटीस दिली. फाईल माझ्या टेबलावरून तीनदा गेली. तीनही वेळा मी 'निर्णयार्थ सादर' लिहिलं. २०१८ मध्ये आरक्षण संपलं, दुसऱ्या वर्षी लॉन उभं राहिलं. लॉनसाठी मालकानं पाचशे गाड्या मुरूम टाकून घेतला. ट्रकमधूनच.

मालकाचा मला राग नाही. वीस वर्षं त्याला त्याच्या जमिनीवर खोपटंही बांधता आलं नव्हतं. कलम १२७ नसतं तर नगरपालिकांनी निम्मा महाराष्ट्र रंगवून ठेवला असता.

ही गत फक्त छोट्या गावांची नाही. वाशीचं ट्रक टर्मिनल घ्या. शेजारी एवढी मोठी बाजार समिती, कांदा-बटाटा, फळं, धान्य, मसाला. देशभरातून गाड्या येतात. त्या टर्मिनलच्या जागेवर सिडकोनं, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीनं, घरं बांधायला घेतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिडकोनं २६ हजार घरांची योजना काढली, तिच्या ठिकाणांच्या यादीत तळोजा, खारकोपर, मानसरोवर यांच्या बरोबरीनं सरळ 'वाशी ट्रक टर्मिनल' असं नाव होतं. घरं हवीत, त्याबद्दल वाद नाही. पण गाड्या काही यायच्या थांबल्या नाहीत. त्या गेल्या तुर्भ्याच्या रस्त्यांवर. कडेला उभ्या राहतात, आणि आता तिथं राहायला येणारी माणसं आमच्या ग्रुपवाल्यांसारखेच फोटो टाकणार. पत्त्यात 'ट्रक टर्मिनल' लिहून.

उलट उदाहरणही तिथून जवळच आहे. न्हावा-शेवा बंदराचा केंद्रीय पार्किंग प्लाझा. पंचेचाळीसेक हेक्टर जागा, एका वेळी दीड हजार ट्रेलर उभे राहतात. म्हणजे जागाच मिळत नाही असं नाही. पण ती का मिळाली, ते बघायला हवं. कारखान्यातून भरून आलेले कंटेनर कस्टम्सच्या कागदांसाठी खोळंबायचे, त्यांच्या रांगा बंदराच्या रस्त्यांवर लागायच्या, निर्यात अडायची. माल अडला की जमीन सापडते. माणसाची झोप अडली तर ती बातमी होत नाही, फार तर पहाटेच्या अपघाताची होते, आणि तिथं लिहिलेलं असतं, 'चालकाला डुलकी लागल्याने'.

कायदे नाहीत असं नका समजू. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली होती, विश्रांतीगृहाचीही तरतूद होती. पण तो कायदा पाच किंवा जास्त कामगार ठेवणाऱ्यांना लागू होता. आबांच्या मालकाकडं दोन गाड्या होत्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ११७ वाहनतळ आणि थांबे यांचं आहे: राज्य सरकार, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून, वाहनं कुठं थांबावीत ते ठरवू शकेल. शकेल. रस्त्यात गाडी लावून अडथळा केल्याबद्दलच्या कलमात असं शकेल-बिकेल नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २८३ होतं, दंड २०० रुपयांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ आलं, दंड ५,००० रुपयांपर्यंत. दंड चढला, जागा तेवढीच राहिली.

आणि ही नो एंट्री. प्रत्येक शहराची अवजड वाहनांसाठी अधिसूचना असते: सकाळी इतक्यापासून रात्री इतक्यापर्यंत प्रवेश बंद. बरोबरच आहे, शाळेच्या वेळेला सोळा चाकी गाडी गावात नको. पण 'तोवर थांबायचं कुठं' हे एकाही अधिसूचनेत मी वाचलेलं नाही. शहर दार लावून घेतं आणि ओटाही देत नाही. माझ्या मते ही चूक सुधारायला एक ओळ पुरेल: जी महापालिका प्रवेशबंदी काढेल, तिनं त्याच आदेशात वेशीबाहेरच्या थांब्याच्या जमिनीचा गट क्रमांक लिहावा. गट क्रमांक नसेल तर बंदी नाही. बघा कशा जागा निघतात.

इंग्लंडात तरी सगळं सुरळीत असेल असं वाटायचं. पुतण्या तिकडं आहे, त्यानं त्यांचं राष्ट्रीय नियोजन धोरण पाठवलं. त्यात रात्रीच्या लॉरी पार्किंगची पुरेशी सोय महत्त्वाची माना, स्थानिक टंचाई लक्षात घ्या, असं एक स्पष्ट वाक्य आहे. आपल्याकडच्या कुठल्या आराखड्याच्या अहवालात तसं वाक्य वाचल्याचं मला आठवत नाही. पण पुतण्या म्हणाला, 'काका, इथंही लॉरी पार्कचा अर्ज आला की सगळं गाव विरोधात उभं राहतं.' असो. निदान गावाला उत्तर द्यायला त्यांच्याकडं एक वाक्य आहे.

आपल्याकडंही काही हललंय. राष्ट्रीय महामार्गांवर दर ४० ते ६० किलोमीटरवर सुविधा केंद्रं उभारायचं धोरण आहे. तेल कंपन्यांनी पंपांवर 'अपना घर' सुरू केलीत, त्यांत खाटा, न्हाणीघर, संडास आणि स्वतः स्वयंपाक करायला जागा असते. ती शेवटची गोष्ट ज्यानं सुचवली त्यानं नक्की ट्रकमधून प्रवास केलेला असणार. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, हेही चांगलंच. पण एसी चालवून झोपायचं तर उभ्या गाडीचं इंजिन रात्रभर चालू, म्हणजे डिझेल कुणाचं? थांब्यावर विजेचा जोड द्यावा लागेल. जिथं थांबाच नाही तिथं जोड कुठं देणार?

ग्रुपवर फोटो आले त्याच रात्री जेवण झाल्यावर पाय मोकळे करायला सर्व्हिस रोडला गेलो. स्टोवालाच भेटला. पंचविशीतला पोरगा, मोरबीहून टाईल्स घेऊन बेंगळुरूला चाललेला.

'कुठलं गाव, पाव्हणं?'

'आष्टी. बीडची.' तो उभाच राहिला. 'काका, गाडी काढू का इथनं? आत्ताच पोलीस सांगून गेले, अर्ध्या तासात काढा म्हणून.'

'काढून कुठं नेशील?'

'पुढं. पुढनं परत कोण तरी पुढं घालवतंय.'

आंघोळीचं विचारलं. म्हणाला, पंपावर होते, पण डिझेल टाकलं तर. आणि मालकानं कार्ड दिलंय ते एकाच कंपनीचं, तिचा पंप इथून चाळीस किलोमीटरवर. त्यामुळं दोन दिवस झाले. पातेल्यात खिचडी होती. मला अर्धी वाटी घ्यायला लावलीच. त्याची गाडी बारकाईनं पाहिली तर उताराला तोंड करून लावली होती. म्हटलं, 'सेल्फचं दुखणं दिसतंय.' तो हसला. 'कसं ओळखलं, काका?'

आता आमच्या गावच्या आराखड्याची सुधारणा निघाली आहे. वीस वर्षांतून एकदा ती करायलाच लागते, आमची उशिरानं का होईना आली. गेल्या सोमवारी मी अर्ज घेऊन जुन्या ऑफिसात गेलो. माझ्या खुर्चीवर एक हुशार मुलगी आहे, पुण्यात शिकलेली. तिनं बसवलं, चहा सांगितला. अर्ज वाचला आणि म्हणाली, 'सर, सूचना चांगलीय. फक्त गट क्रमांक टाकल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढं जात नाही. तुमचा कुठला?'

माझा गट क्रमांक नाही, मी फ्लॅटमध्ये राहतो. शेवटी तिनं अर्ज कागदावरच घ्यायचा ठरवलं. जागेच्या रकान्यात मी लिहिलं: 'सर्व्हिस रोड, ढाबा ते ओढ्याचा पूल, रात्री दहानंतर.' आवक लिपिकानं शिक्का मारून नंबर दिला.

निघताना तिला विचारलं, भू-वापराचा सर्व्हे कधी? म्हणाली, 'यंदा ड्रोननं आहे, सर. दोन दिवसांत होऊन जाईल.'

'कुठल्या वेळेला उडवणार?'

'सकाळी अकरा ते दोन. ऊन चांगलं असतं.'